बिलियर्डच्या काठीचं म्यान

घरात पडलेल्या टाकाऊ वस्तूंतून काहीतरी उपयोगी करावं, असं मला वर्षातून एकदा वाटतं, आणि ते नेमकं मार्च एंड संपला की वाटतं. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात मी ड्राफ्ट्समन. मार्चअखेरपर्यंत दुसऱ्यांच्या पुलांचे, मोऱ्यांचे आणि शाळाखोल्यांचे नकाशे काढून बोटं आखडतात. एप्रिल लागला की तीच बोटं स्वतःचं काहीतरी करायला शिवशिवू लागतात. या दिवसांत आमच्या घरी हातोडी सापडत नाही. पुष्पा, म्हणजे माझी बायको, ती आधीच लपवून ठेवते.

तिचंही अगदीच चुकतं असं नाही. मी केलेला कूलर खोली सोडून फक्त गादी गार करत असे. मी केलेल्या स्टुलावर मी एकटाच बसू शकतो, कारण कुठल्या वेळी कुठे झुकायचं ते मला ठाऊक आहे. दाराला लावलेल्या पत्रपेटीत पत्र आत जातं, पण बाहेर येत नाही. तिच्यात एक लग्नपत्रिका अजून पडून आहे. त्या जोडप्याचा मुलगा आता बालवाडीत जातो. या सगळ्यावर कोणी मला रागावलं असतं तर चाललं असतं. पण लोक हसतात. पाहुण्यांना चहा दिला की पुढचा कार्यक्रम म्हणून माझं स्टूल दाखवतात. माझ्या हातची एक तरी वस्तू कुणीतरी न हसता, गंभीर चेहऱ्याने बघावी, एवढीच माझी इच्छा होती. इच्छा काही फार मोठी नव्हती, पण जळगावात ती पुरी होण्याची चिन्हं नव्हती.

आता बिलियर्ड. जळगावात बिलियर्ड म्हटल्यावर लोक माझ्याकडे संशयाने बघतात, म्हणून सांगतो. आमच्या क्लबात साहेबाच्या काळातलं एक टेबल आहे. वर हिरवं कापड, त्यावर तीन चेंडू, आणि ते ढकलायला एक लांब, गुळगुळीत, पुढे निमुळती होत जाणारी काठी. तिला क्यू म्हणतात. आमचे एक कार्यकारी अभियंता बदलून जाताना स्वतःचा क्यू मला देऊन गेले. माझ्या खांद्यापर्यंत येणारा, एकसंध, मुठीकडे काळ्या लाकडाचा. घरात एवढी सरळ वस्तू दुसरी नव्हती.

दरवर्षी एप्रिलमध्ये आमच्या क्लबाचा धुळ्याच्या क्लबाशी सामना असतो, आणि धुळ्याकडून माझा साडू रतिलाल खेळतो. रतिलालकडे दुबईहून आलेली क्यूची पेटी आहे. काळी कुळकुळीत, आत मखमल, पितळी कड्या. सामन्याच्या आधी तो ती अशी उघडतो की टेबलाभोवतीची माणसं श्वास रोखतात. गेल्या वर्षी मी माझा क्यू वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून एस.टी.च्या टपावर टाकला होता. धुळ्याला उतरवला तेव्हा उन्हाने त्याला बाक आला होता. मारावं एकीकडे आणि चेंडूने जावं मालेगावकडे. रतिलालने माझा क्यू हातात घेतला, एक डोळा मिटून त्याच्यावरून नजर फिरवली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "साडूभाऊ, हा खेळायला नका आणू. यावलला पाठवा. केळीच्या घडाला टेकू लागतो."

मी तो क्यू पुढे सबंध पावसाळाभर कपाटामागे दाबून ठेवून सरळ केला. पण ते वाक्य काही सरळ झालं नाही. साडूचं बोलणं सख्ख्या भावाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागतं, कारण ते बायकोच्या माहेरी पोचतं.

तेव्हा यंदा ठरवलं. क्यूला पेटी करायची, घरच्या घरी, टाकाऊ सामानातून. पेटी हा शब्द रतिलालने विटाळलेला असल्यामुळे मी तिला म्यान म्हणायचं ठरवलं. नकाशा काढला. प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन, उजव्या कोपऱ्यात माझी सही. पुष्पा म्हणाली, "इथेच थांबा. आतापर्यंत छान झालंय."

आमच्या ऑफिसातल्या चुडामणची यावलकडे केळीची बाग आहे, आणि बाग म्हटली की पीव्हीसी पाइपचे तुकडे आलेच. मी त्याला क्यूचा घेर कळवला आणि त्याने बरोबर त्या मापाचा पाइप बसमधून आणून दिला. क्यू आत घातला. अर्ध्यापर्यंत अगदी लोण्यासारखा गेला आणि तिथे अडकला. माप मी निमुळत्या टोकाचं घेतलं होतं. नकाशात ती चूक दिसत नव्हती, कारण नकाशा फार सुबक होता.

शेजारचे भटूभाऊ धावून आले. भटूभाऊंची सगळी नोकरी भुसावळच्या पार्सल ऑफिसात गेली, त्यामुळे बांधणं, गुंडाळणं आणि हरवणं या तिन्ही विषयांत त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "खोबरेल ओता." खोबरेल ओतलं. मग पाइप त्यांनी धरला, क्यू मी धरला, आणि आम्ही दोघांनी जोर लावला. क्यू सुटला तसे भटूभाऊ मागच्या मागे गेले आणि थेट माझ्या कूलरच्या टाकीत बसले. त्या कूलरने आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी गार केलं.

दुसरा पाइप मी चांगला ऐसपैस मागवला. त्याला रतिलालच्या पेटीसारखा काळा रंग दिला आणि वाळायला गच्चीवर ठेवला. एप्रिलचं जळगाव, वर काळा रंग. संध्याकाळी जाऊन बघतो तर पाइपाचं धनुष्य झालेलं. भटूभाऊ म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, उन्हाने रेल्वेचे रूळसुद्धा वाकतात." मग त्यांच्याच सल्ल्याने पाइपवर उकळतं पाणी ओतून तो खाटेवरच्या गादीखाली सरकवला आणि वर वजन हवं म्हणून पुष्पाच्या भिशीच्या बायकांना त्या खाटेवर बसवलं. कारण सांगितलं नाही. त्या दिवशी भिशी फार रंगली, आणि पाइप जवळजवळ सरळ झाला. मधे किंचित बाक राहिला, तो शोधणाऱ्यालाच दिसावा इतका.

आत जुन्या गोधडीचं अस्तर चिकटवलं. बुडाला वनस्पती तुपाच्या डब्याचं झाकण ठोकून बसवलं, तोंडाला दुसरं झाकण बिजागरीवर. खांद्याला अडकवायला फाटक्या होल्डॉलचा पट्टा. एवढं करून मी ते म्यान खांद्याला लावून अंगणात उभा राहिलो. वरच्या मजल्यावरून भागाबाईंनी वाकून बघितलं आणि मोठ्या आपुलकीने विचारलं, "भाऊ, मोरी तुंबली का?"

मी घरात गेलो आणि म्यान कपाटामागे सारलं.

शेवटी पुष्पालाच दया आली. ती मला पलीकडच्या बेबाबाईंकडे घेऊन गेली. बेबाबाई शिवणकाम करतात. आमच्या वॉर्डातल्या नवरात्र मंडळाच्या देवीची वस्त्रंही त्याच शिवतात. मला खाकी खोळ हवी होती. बेबाबाईंनी गाठोडं उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, "एवढ्या लांबीचा तुकडा माझ्याजवळ हाच आहे." तो लालभडक होता. दोन्ही कडांना सोनेरी गोट. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी मशीन चालवायला घेतलं होतं. त्यावर पुष्पाने तोंडाशी घुंगरांचा एक झुबका शिवला. मी प्रवासात छत्र्या विसरून येतो, असा माझ्याबद्दल एक समज आहे. "वाजेल, म्हणजे लक्षात राहील," ती म्हणाली. मग दोन पावलं मागे सरकून तिने त्या लाल, सोनेरी, रुणझुणत्या वस्तूकडे पाहिलं आणि ती हसली. खूप हसली. पदराने डोळे पुसत म्हणाली, "हे धुळ्याला जाऊन कामाला आलं ना, तर मी त्याला हात जोडीन."

"लक्षात ठेव," मी म्हणालो.

सामन्याच्या दिवशी मी नवे बूट घातले, म्यान खांद्याला लावलं आणि धुळ्याच्या गाडीत चढलो. कंडक्टर म्हणाला, "पाइप टपावर." मी म्हणालो, "हा पाइप नाही." तो म्हणाला, "मग काय आहे?" मी म्हणालो, "म्यान." त्यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय वाढवला नाही, पण टपावर टाकूही दिलं नाही. टपाने माझं एकदा वाटोळं केलं होतं. शेवटी त्याने मला मधल्या वाटेत उभं केलं. "लगेज फाडावं लागेल, नियम बघून सांगतो," असं म्हणून तो पुढे गेला. मी म्यान उभं धरून एरंडोलपर्यंत आलो.

एरंडोलला देवीचे यात्रेकरू चढले. चैत्राचे दिवस, गडाची यात्रा सुरू. बायाबापड्यांचा घोळका होता, आणि त्यांच्या पुढे धुरपदाबाई नावाची एक ठेंगणी, ठसठशीत म्हातारी. ती वर चढली, तिची नजर माझ्या हातातल्या वस्तूवर गेली, आणि ती जागच्या जागी थांबली. लाल खोळ, सोनेरी गोट, घुंगरं. तिने दोन्ही हात जोडले.

"आई माय वं!" ती सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशी म्हणाली. "देवीनं निशाण उभं शे, आनि तुम्ही बठ्ठा बशी ऱ्हायनात?"

सगळी गाडी उठली. तिच्या पुतण्याने, सुपडूने, एका धोतरवाल्याला सरकवून मला खिडकीची जागा दिली. मी म्हणालो, "अहो अक्का, तसं नाही, हे म्हणजे..."

"बोलू नको भाऊ!" धुरपदाबाईने माझ्या तोंडापुढे हात धरला. "निशाण हातमा शे तवलोंग बोलानं नही. खाले ठेवानं नही. तुम्हना गावमा रीत नही का?"

त्यांच्या गावची रीत अशी होती की निशाण, म्हणजे देवीला वाहायचा झेंडा, धरणाऱ्याने मौन पाळायचं. आणि ते खाली ठेवायचं नाही. म्हणजे खरं सांगायला तोंड उघडायचं तर निशाण खाली ठेवलं पाहिजे, आणि ते खाली ठेवलं तर सगळी गाडी माझ्या अंगावर येणार. मी ड्राफ्ट्समन आहे, मला कोंडी लगेच दिसते. मी गप्प बसलो.

तेवढ्यात कंडक्टर नियम बघून आला. "हां, तर या पाइपचं लगेज..."

"देवीनं लगेज फाडस का रे तू?" धुरपदाबाई म्हणाली.

कंडक्टरने म्यानाकडे पुन्हा एकदा बघितलं. मग टोपी काढली, नमस्कार केला आणि खाली मान घालून मागच्या तिकिटांकडे वळला. मी खोटं बोलणार नाही, मला ते फार बरं वाटलं.

पुढे पारोळ्यापर्यंत म्यानाला झेंडूची माळ आली, कुंकू आलं, हळद आली. एका बाईने आपलं तान्हं बाळ त्याला टेकवून घेतलं. सगळे त्याच्याकडे गंभीर चेहऱ्याने बघत होते. तीच माझी इच्छा होती, हे मला आठवत होतं, आणि म्हणूनच जास्त घाम येत होता. धुरपदाबाई शेजारी बसून मला सगळं सांगत होती, कारण मी उत्तर देणार नव्हतो. नातवासाठी ती देवीला निशाण बोलली होती. नातू झाला. आता त्यांचा बांबू टपावर होता, भगवं कापड तिच्या पिशवीत. "आम्हनं निशाण धुळाले चढी," ती म्हणाली. "तठून बठ्ठा पायी जातीन. तुम्हनं ते घरपाईनच नटीथटी निंघेल शे. केवढी हौस!" तिने पिशवीतलं कापड हाताने दोनदा चाचपलं. तेवढ्यात तिचं लक्ष खाली गेलं. "भाऊ, निशाण धरेल शे आनि पायमा बूट?"

सुपडूने लगबगीने माझे बूट काढून सीटखाली सारले.

पारोळ्याला गाडी चहाला थांबते. स्टँडवरच्या बायकांनी खिडकीतून लाल टोक पाहिलं आणि दर्शनाला गर्दी केली, तेव्हा सुपडूने मला खाली उतरवलं. पारोळ्याचं स्टँड, दुपार, डांबर, आणि मी अनवाणी. माणूस किती सोसेल? मी उजवा पाय उचलला. मग डावा उचलला. मग दोन्ही एकदम उचलायचा प्रयत्न केला. घुंगरं छमछम वाजू लागली.

"अंगमा येई ऱ्हायनं!" कोणीतरी ओरडलं.

मग काय विचारता. बायका रांगेने पुढे आल्या. एकीने विचारलं, "माय, मना पोऱ्यानं लगीन कवय व्हई?" मी दोन उड्या मारल्या. "दोन महिनामा!" सगळ्यांनी एका आवाजात सांगितलं आणि ती बाई रडतच बाजूला झाली. दुसरीने म्हशीबद्दल विचारलं. तेव्हा ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि मी असा काही धावलो की ते उत्तरही लोकांनी शुभ मानलं. पारोळ्यात त्या ज्येष्ठात कोणाचं लग्न झालं असल्यास श्रेय माझ्या तळपायांचं आहे.

धुळ्याच्या जकात नाक्यावर गाडी थांबली. नाकेदार तरुण होता, नोकरीत नवा होता आणि म्हणून प्रामाणिक होता. एक माणूस त्याने टपावर पाठवला आणि स्वतः आत आला. म्यानाजवळ थबकला, बोटाने टकटक वाजवलं आणि म्हणाला, "हा पाइप आहे. पीव्हीसी. शहरात माल आणताय, जकात लागेल."

"देवीनं निशाण शे ते!" अर्धी गाडी ओरडली.

"निशाण बांबूचं असतं," नाकेदार म्हणाला. "माझं गाव काय अमेरिकेत आहे? मला शिकवू नका. हा पाइपच. उघडा."

इतक्या दिवसांत माझ्या कामाची पारख करणारा हा पहिला माणूस, आणि तो जकात मागत होता. मी झाकण उघडलं. गोधडीतून क्यू अलगद बाहेर आला. उन्हात चकाकणारा, मुठीशी काळा, टोकाला निळा खडू. धुरपदाबाई पुढे झाली, तिने क्यूवरून बोट फिरवलं, म्यानात डोकावून पाहिलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, कापड कोठे शे?"

मी म्यान सुपडूच्या हातात दिलं. आता मला बोलता येत होतं.

"अक्का," मी म्हणालो, "हे निशाण नाही. ही खेळायची काठी आहे. धुळ्याच्या क्लबात माझा सामना आहे. हे तिचं म्यान, मी घरी केलेलं. एरंडोलपासून सांगायचं म्हणतोय, पण तुम्ही तोंड उघडू दिलं नाही."

कोणी काही बोलायच्या आतच टपावरून नाक्याचा माणूस ओरडला, "ओ, वरचा बांबू कोणाचा? मोडलाय!"

पारोळ्याच्या पुढे रस्त्यावर निंबाच्या फांद्या खाली आलेल्या आहेत. त्यातली एखादी लागली असणार. बांबू खाली उतरवला तेव्हा तो मधोमध चिरफाळला होता. वरचा भाग शाबूत, खालचा निव्वळ चिपाट. धुरपदाबाई नाक्याच्या पायरीवर बसली. रडली नाही. पिशवीतलं कापड मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. "नातूसाठे बोलेल व्हतू," ती म्हणाली, "आनि देवीले काय मोडेल काडी लई जाऊ?" मघापासून माझी गाडीवर जी वट होती ती तिच्या एका शब्दावर होती, आणि ती अशी बसलेली मला बघवेना.

मी त्या बांबूकडे बघितलं. मग म्यानाकडे. चुकून ऐसपैस झालेला पाइप. आत गोधडीचं जाड अस्तर.

"सुपडू," मी म्हणालो, "तो चांगला तुकडा आण."

बांबूचा शाबूत भाग मी म्यानाच्या तोंडातून आत दाबला. गोधडीने तो असा घट्ट धरला की सुपडूने ओढून पाहिला तरी हलेना. होल्डॉलच्या पट्ट्याने वरून आवळला. धुरपदाबाईने उठून भगवं कापड वर बांधलं. खाली लाल सोनेरी दांडा, घुंगरं, वर बांबू आणि त्यावर फडफडणारं निशाण. मी हयातीत इतके नकाशे काढले, पण जागेवर, नकाशाशिवाय, पहिल्यांदाच माझ्या हातून काहीतरी उभं राहिलं होतं.

नाकेदार मात्र पेचात पडला. बांबूच्या जागी लागलेला पाइप हा पाइप धरायचा की बांबू, याबद्दल त्याच्याकडे काही सूचना नव्हत्या. त्याने थोडा विचार केला, मग धुरपदाबाईच्या करंड्यातलं कुंकू घेऊन दांड्याला लावलं आणि फाटक उघडायला सांगितलं.

"अक्का, मला माफ करा," मी म्हणालो, "तुमची चुकीची समजूत झाली, आणि मी..."

"आम्ही चुकनूत नही, भाऊ," ती म्हणाली. आता तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. "पहिलेपाईन निशाणच व्हतं ते. तुलेच ठाऊक नव्हतं."

धुळ्याला मी उतरलो, त्यांना हात हलवला, निशाण वळणावर दिसेनासं होईपर्यंत बघत राहिलो. मग पाय भाजले आणि बूट आठवले. परत धावलो तोवर बस आगारात गेली होती आणि बूट कोणाच्या तरी पायात.

क्लबात रतिलाल पेटी उघडून तयारच होता. माझ्या हातात उघडा क्यू, कपाळाला कुंकू, पाय अनवाणी. "साडूभाऊ, नवी पेटी करणार होतात ना? कुठे आहे?"

"गडावर गेली," मी म्हणालो.

तो हसायला लागला, पण क्लबाचे सेक्रेटरी हसले नाहीत. बुटांशिवाय टेबलाला हात लावता येणार नाही, असा नियम होता. शेवटी रतिलालनेच मोठ्या मनाने माझ्यासाठी घरून आपले जुने जोडे मागवले. ते मला एक अंगुळ मोठे होते. त्या जोड्यांत मी खेळलो. क्यू सरळ होता, चेंडू सांगितलेल्या जागी जात होते, आणि हाताला झेंडूचा वास येत होता. मी थोडक्यात जिंकलो. पांढऱ्या चेंडूवर माझ्या हाताचं कुंकू उतरल्यामुळे एकदा वाद झाला, तो वेगळा. रतिलालने हार मान्य केली, पण पूर्ण नाही. सासुरवाडीला त्याने कळवलं, "जिंकले, पण जोडे माझे होते."

घरी मी सगळी हकिगत सांगितली. पुष्पाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे बसमध्ये विसरलात."

"बूट विसरलो! म्यान दिलं!"

"घुंगरं लावूनसुद्धा," ती भटूभाऊंना म्हणाली. भटूभाऊंनी मान हलवली. पार्सल ऑफिसात अशा हकिगती त्यांनी खूप ऐकल्या होत्या. वर्षभर आमच्याकडे चहा घेतलेल्या पाहुण्यांना स्टूल दाखवून झालं की, देवीने नेलेल्या पाइपची गोष्ट ऐकवली जाऊ लागली. मी नंतर नंतर प्रतिवाद सोडून दिला.

पुढच्या चैत्रात पुष्पाच्या मनात गडावर जायचं आलं. पहिल्या पायरीजवळ संध्याकाळी गर्दी होती, गावोगावची निशाणं येत होती, ढोल वाजत होते. त्या गर्दीतून एक निशाण पुढे आलं. खालचा दांडा लाल, उन्हाने जरा फिका झालेला, सोनेरी गोटाचा. घुंगरं वाजत होती. ते धरून सुपडू चालत होता, अनवाणी आणि मौन पाळून. त्याच्या पुढे धुरपदाबाई, कडेवर नातू.

पुष्पा आधी घुंगरांकडे बघत राहिली. मग बेबाबाईंच्या गोटाकडे. मग बुडाकडे, जिथे कुंकवाखालून वनस्पती तुपाच्या डब्याची अक्षरं अजून दिसत होती. शेवटी तिने मान तिरकी करून दांड्यावरून नजर फिरवली आणि मधला तो किंचित बाक तिला सापडला.

"अगं बाई," ती म्हणाली, "हे तर तुमचंच."

धुरपदाबाईने मला ओळखलं. हसली, सुपडूला थांबवलं आणि निशाण जरा पुढे झुकवायला सांगितलं. लोक दर्शनाला सरसावले. पुष्पा त्यांच्यात पुढे झाली. तिने पदर डोक्यावरून घेतला, डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडले. चांगला वेळ जोडले, आणि तिच्या चेहऱ्यावर हसण्याचा मागमूसही नव्हता.

गर्दीच्या रेट्याने मी निशाणाच्या अगदी मागे येऊन उभा होतो. सरकलो नाही.